कंपनीची केस एकदा हरलात की कायमचं तोंड बंद? काहीही!

हापूसवाला (देवगड): काल इथे एकाने ठोकून दिलं, "घराण्याची धाकटी पाती (शाखा) 2012 ला केस हरली, आता कॅनिंगच्या कंपनीवर परत दावा नाही, पूर्वन्याय!" म्हणजे एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा उकरायचा नाही. रात्रभर डोक्यात तेच. अहो, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 11 वाचा. तेच पक्षकार, तोच मुद्दा आणि त्यावर ऐकून दिलेला अंतिम निकाल, हे सगळं जुळायला हवं. जुनं शेअर-हस्तांतर खरं ठरलं, मान्य. पण 2021 ला संचालकांनी आपल्याच पोरांना नवे शेअर वाटले, त्याचं काय? 2012 च्या जज्जाला स्वप्न पडलं होतं?

माजी बेलिफ (राजापूर): अर्धं कलम वाचलंत. स्पष्टीकरण 4 बघा: तेव्हा मांडता आलं असतं आणि मांडायला हवं होतं, तेही मांडलंच असं धरतात. तीस वर्षं समन्स वाटलीत मी. आमच्याच भावकीने एक बाग तीन दाव्यांत भांडून घेतली. आज कलमं वाळली, दावा हिरवागार.

हापूसवाला: बाग आणि कंपनी एक नव्हे हो!

गजालीकार (मालवण): कलमा रवांदेत. कंपनीची केस म्हणजे मुंबयचा कंपनी न्यायाधिकरण. कंपनी कायद्याच्या कलम 430 न दिवाणी कोर्टाचा दार बंद केल्यान. रात्रभर कोकणकन्येत उभ्यान जावा, थंय पुढची तारीख घेवा.

माजी बेलिफ: आता कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय, ऑगस्ट 2025 पासून. रत्नागिरी-सिंधुदुर्ग तिकडेच.

गजालीकार: ता हायकोर्टाचा! कंपनी न्यायाधिकरण थंय खंय?

अलिबागची: कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाटात दरड आली की पक्षकार गैरहजर, दावा फेटाळला! आम्ही रायगडवाले मुंबईतच राहिलो, सुटलो.

माजी बेलिफ: तुम्हाला लाँच आहे बाई, बोला. लांज्याच्या म्हातारीने काय करावं?

अलिबागची: पावसाळ्यात लाँच बंद असते, हे तरी माहीत आहे का?

काळा कोट (चिपळूण): लाँच बांधा बाजूला. गैरहजेरीत फेटाळलेला दावा गुणदोषांवर नसतो, तिथे पूर्वन्याय नाही. नव्या दाव्याला दुसरे नियम आडवे येतात ते वेगळं. माझ्या अशिलाचा कंपनीतल्या जाचाविरुद्धचा अर्जही शेअर एक-दशांश भरत नाहीत म्हणून परत आला होता. जाच झाला की नाही, यावर अक्षर नाही. समोरचे मात्र पेढे वाटत "जिंकलो" म्हणत फिरले. आणि पूर्वन्याय सांगून दावा दारातच फेटाळायचा म्हणाल, तर 2021 ला सुप्रीम कोर्टाने तोतला विरुद्ध कामतमध्ये नाही म्हटलंय. जुन्या दाव्याची कैफियत, मुद्दे, निकाल तपासायला लागतात.

माजी बेलिफ: बरं बाबा, 2021 चे शेअर नवं कारण, घ्या. पण त्याच अर्जात 2012 चं रडगाणं चिकटवलंत तर ते जाणारच.

हापूसवाला: चिकटवलंय कोणी?

काळा कोट: अर्ज बघितलाय मी. पान 4 पासून 19 पर्यंत तेच आहे.

हापूसवाला: ...ते वकिलाने घातलं.