पावसातल्या अडथळ्यांच्या शर्यतीसाठी बूट कोणते घ्यावेत?

प्रश्न
नमस्कार. जुलैअखेर पुण्यात १० किलोमीटरची अडथळ्यांची शर्यत धावणार आहे. वाटेत डांबरी रस्ता, शेवाळलेली शहाबादी फरशी, पाण्याचा हौद आणि थोडा चिखल आहे. रोजच्या सरावालाही हाच जोड वापरायचा असल्याने वॉटरप्रूफ बूट घ्यावेत की खोल खुंटांचे (तळाला रबरी उंचवटे असलेले) ट्रेल बूट, म्हणजे कच्च्या वाटेवर धावायचे बूट, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १
ताई, वॉटरप्रूफ मुळीच घेऊ नका. हौदात उतरताच पाणी घोट्याकडून आत शिरते आणि बाहेरचे पाणी अडवणारे अस्तरच मग ते आत कोंडून ठेवते. पातळ जाळीचा बूट धावता धावता निथळतो. तळाचे ५-६ मिलिमीटरचे खुंट चिखलात उत्तम पकडतात, परंतु फरशीवर त्यांची केवळ टोके टेकत असल्याने पाय सटकतो. म्हणून ३-४ मिलिमीटरचे, रुंद आणि मुख्य म्हणजे मऊ रबराचे खुंट पाहावेत. दुकानात खुंट अंगठ्याने दाबून पाहा, तो किंचित दबला पाहिजे. मऊ रबर डांबरावर लवकर झिजते, हे मात्र स्वीकारावे लागेल.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. मागच्या पावसाळ्यात माझा बूट चिखलात रुतून टाचेतून निघाला होता. तेव्हापासून मी सर्वांत वरच्या जादा भोकातून नाडी ओवून टाच आवळून बांधतो. सुती मोजे टाळावेत. शेवाळावर मात्र कोणत्याही रबरावर विसंबू नका, तिथे पाऊल सपाट आणि आखूडच टाका.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. सरावानंतर बूट वाळवावेत कसे?

प्रतिसाद १
आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, दोन तासांनी बदलावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावेत. हीटरजवळ ठेवल्यास तळाचा गोंद सुटतो.