कथाबीजावर अभिप्राय हवा : घर, तीन भाऊ आणि चतुर्थी

अंत्रुजकर :
नमस्कार. मी फोंडा तालुक्यातला. आजवर जत्रोत्सवांसाठी मराठी नाटके लिहीत आलो; पटकथेचा हा पहिलाच प्रयत्न. कथाबीज असे : जुने चौसोपी घर विकत घ्यायला दिल्लीचे गिऱ्हाईक आले आहे. तिघा भावांपैकी धाकटे दोघे विकायला राजी आहेत, पण थोरल्याचा जीव घरात गुंतला आहे. चतुर्थीला सारे कुटुंब जमते आणि जुने हिशेब बाहेर येतात. यावर दोन तासांचा चित्रपट उभा राहील का, आणि प्रसंग लिहायला घेण्यापूर्वी यात काय पक्के व्हायला हवे, हे कृपया स्पष्ट सांगावे. ‘छान आहे’ एवढेच म्हणणारे मित्र माझ्यापाशी पुरेसे आहेत.

मांडवीकाठ :
आपण वातावरण सांगितले आहे. कथा अजून यायची आहे. ‘जीव गुंतला आहे’ ही थोरल्याची मनःस्थिती झाली. रंगमंचावर ती स्वगतातून पेलता येते, पण पडद्यावर माणूस काय करतो हेच दिसते, आणि आपल्या कथाबीजात तो नकार देण्यापलीकडे काहीच करत नाही. गिऱ्हाईक परतवण्यासाठी तो कोणत्या थराला जाईल आणि हरला तर घराखेरीज आणखी काय गमावेल, हे दोन्ही कथाबीजातच यायला हवे. मुदत मात्र आपल्या हाती आयती आली आहे आणि आपण ती वापरलेली नाही : गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा की अकरा, यावर कथेचा काळ ठरेल. दीड दिवसाचा ठेवल्यास कोणालाही सवडीने भांडता येणार नाही. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळापानांनी सजवलेली चौकट, बांधण्याचे सुंदर प्रसंग मनात असतीलच. ते तूर्त बाजूला ठेवावेत.

दस्तऐवज :
मी म्हापशात वकिली करते, त्यामुळे माझा आक्षेप वेगळा आहे. गोव्यात लागू असलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी करार करून वेगळी व्यवस्था निवडलेली नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि वारशाने आलेला हिस्साही तिच्यात येतो. म्हणजे विक्रीखतावर तिघा भावांबरोबर तिघी जावांच्याही सह्या लागतील. आपल्या कथाबीजात बायका मुळी नाहीतच! धाकट्या सुनेने सही नाकारली तर काय होईल, याचा विचार करावा. तिला घराचा लळा असण्याचेही कारण नाही. विक्रीचे पैसे नवऱ्याच्या कोणत्या कर्जात बुडणार आहेत, हे तिला कळले असले तरी पुरे.

शिवाय वाटणीवर एकमत झाले नाही तर प्रकरण इन्व्हेंटरीला, म्हणजे वारशाच्या मालमत्तेची न्यायालयामार्फत यादी आणि वाटणी करण्याच्या प्रक्रियेला, जाते. ही प्रक्रिया आता गोव्याच्या २०१२ च्या वारसाहक्क कायद्यानुसार चालते. तिच्यात वारसदारांना एकाच मालमत्तेवर आपापसांत बोली लावता येते, आणि ज्याची बोली चढी ठरते त्याने इतरांना त्यांच्या वाट्याची रक्कम द्यायची असते. भावाने भावावर बोली चढवण्याचा प्रसंग कायद्यानेच देऊ केला असताना ‘जुने हिशेब बाहेर येतात’ एवढ्यावर समाधान का मानावे?

अंत्रुजकर :
दोघांचेही आभार. नवी मांडणी : नवऱ्याच्या कर्जाचा सुगावा लागलेली धाकटी सून दीड दिवसाच्या गणपतीत विक्रीखतावर सही करायला नकार देते, घर वाचेल या आशेने तिच्या पाठीशी उभा राहिलेला थोरला दीर शेवटी इन्व्हेंटरीत तिच्याच विरुद्ध बोली लावतो.

मांडवीकाठ :
आता कोण काय करते ते दिसू लागले. एक सांधा मात्र जुळत नाही : गणपती दीड दिवसात विसर्जित होतो आणि इन्व्हेंटरी रेंगाळत राहते. एका चतुर्थीला सुरुवात करून पुढल्या चतुर्थीला शेवट करता येईल, पण त्यात मुदतीचा ताण सैल पडेल. मला विचाराल तर न्यायालय गाळून त्याचा नुसता धाक ठेवावा आणि बोली घरातच, सोप्यावर, विसर्जनाच्या आधी लागू द्यावी. दस्तऐवजताईंना हे कायद्याला धरून वाटणार नाही, पण घरातल्या घरात ठरलेल्या रकमेवर मग सह्या घेता येतीलच. थोरला तिच्यावर का उलटतो, हे मात्र अजून आलेले नाही. ते एका वाक्यात लिहून येथे टाकावे. प्रसंग त्यानंतरच लिहायला घ्यावेत.