कार्ड कुणाच्या जागी येतंय?

मार्व्हल स्नॅप या मोबाइलवरच्या कार्डांच्या खेळात सहा एनर्जीच्या (म्हणजे खेळायला सहा एनर्जी खर्च होणाऱ्या) नव्या कार्डाची पॉवर, म्हणजे त्याचे गुण, दांडगी आहे, म्हणून ते कुठल्याही डेकमध्ये चालेल, असं कुणी म्हटलं तर मला या खेळापुरतं तरी ते पटत नाही. डेक, म्हणजे आपण निवडलेला संच, १२ कार्डांचा. सुरुवातीला हातात ३, मग दर टर्नला १, म्हणजे साध्या डावात सहाव्या, म्हणजे शेवटच्या टर्नपर्यंत ९ कार्डं दिसतात. कुठलंही एक कार्ड मिळायची शक्यता ७५ टक्के. पण ठरावीक दोन कार्डं जुळल्याशिवाय काम होत नसेल, तर तीच जेमतेम ५५ टक्क्यांवर येते. तीन लागत असतील तर ३८!

मी ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज खेळतो. नवं कार्ड घेतलं की पहिले वीस डाव वहीत मांडतो: कितव्या टर्नला आलं, खेळता आलं का, की हातात पडून राहिलं. मागचं सहा एनर्जीचंच एक ‘भारी’ कार्ड अकरा डावांत पडूनच होतं, कारण शेवटच्या टर्नसाठी डेकमध्ये सहाची दोन कार्डं आधीच होती आणि त्या टर्नला एनर्जी मिळते सहाच, म्हणजे त्यातलं एकच खेळता येतं. त्या जुन्या दोनांतलं एक काढून दोन एनर्जीचं साधं कार्ड घातलं, तेव्हा कुठे डेक चालायला लागला. तुम्ही नव्यासाठी कोणतं कार्ड काढताय, तेही लिहा ना.