शब्दचर्चा : 'नॉइज'ला मराठीत गोंगाट म्हणायचं का?

सूरपेटी : फिनलंडच्या संगीतकार काइया सारिआहो (१९५२–२०२३) यांच्यावरच्या लेखात एक शब्द अडलाय. १९८७ च्या निबंधात त्यांनी मांडलंय की संवाद-विसंवाद (सुरांचं एकमेकांशी जुळणं आणि खटकणं) या जोडीचं काम 'साउंड' आणि 'नॉइज' या दोन टोकांमधली वाट करू शकते. गुळगुळीत, स्वच्छ नाद संवादाच्या जागी आणि खडबडीत नाद विसंवादाच्या जागी. कोशात नॉइजला गोंगाट, कोलाहल असे शब्द मिळतात. चालतील?

गजतार : नाही. गोंगाटाला पुष्कळ आवाज लागतात. तो बाजारात असतो, एकट्या चेलोत कुठून येणार? त्यांची 'पेटल्स' (१९८८) पाहा. गजाचा दाब इतका वाढवत न्यायचा की सूर पार झाकला जाऊन नुसती खरड उरते. गज तारेला पकडतो आणि सोडतो. हे दर कंपनाला एकदा, नियमाने घडतं तोवर सूर ऐकू येतो. दाब अति झाला की सुटण्याची वेळ चुकत जाते आणि तारता, म्हणजे सुराची उंची, हरवते. वादकाची नेहमीची चूक म्हणजे दाबाबरोबर गजाचा वेगही वाढवणं. मग खरड न येता नुसता मोठा सूर निघतो. वेग कमीच ठेवायचा. घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) वाजवत असाल तर दाब आणखी लागतो. म्हणून माझं मत 'खरखर'.

मिक्सरवाला : चेलोपुरतं ठीक. पण 'नोआनोआ' (१९९२) मध्ये बासरीवादक वाजवता वाजवता शब्द कुजबुजतो. ती खरखर नव्हे, फुसफुस आहे. शिवाय साउंडवाल्याला 'खरखर हवी' म्हणालात तर तो आधी केबल बदलेल! आमच्याकडे खरखर म्हणजे बिघाड. त्याला साफ सांगावं लागतं की नॉइज गेट (हळू आवाज आपोआप कापणारी सोय) बंद ठेव, नाहीतर श्वास आणि कुजबुज कापली जाते आणि रचनेचा निम्मा जीव जातो. माईक फुंकेच्या थेट समोर नको, 'प', 'फ' फुटतात. जरा वर, बाजूला धरा. फार लांब नेला की गेन (माईकचा आवाज उचलण्याची पातळी) वाढवावा लागतो आणि माईक शिट्टी मारतो.

पदच्छेद : 'रव' घ्या. कलरव, आरव, नीरव यांत तो आहेच, आणि त्यात सुराची अट नाही.

गजतार : सुटा 'रव' कोण बोलतं? वाचकाला रव्याचा शिरा आठवेल.

पदच्छेद : मग जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची गुंजणारी झणक? सुराचा पोत बदलण्याची कल्पना आपल्याकडे आहेच की.

गजतार : पोताला ठीक, नॉइजला नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो तेव्हा वरचे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ सुरातूनच उमटणारे बारीक स्वर, उजळतात. ते मूळ सुराशी बांधलेलेच राहतात. दोरा जागेवरून हलला की तार बुजते, पण सूर मोडत नाही. सारिआहोंचं दुसरं टोक सूर मोडण्याचं आहे. 'टिंबर'ला (एकाच सुरात बासरी आणि चेलो वेगळे ओळखू येतात तो गुण) मात्र आपल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांतला 'नादाची जाती' हा शब्द आयता आहे. तो सामाजिक अर्थाकडे ओढला जातो म्हणून मी 'नादगुण' लिहितो.

सूरपेटी : वाद्यं आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून होतं त्याला फ्रेंचमध्ये 'मिक्स्त' म्हणतात. 'मिश्र संगीत' लिहू?

पदच्छेद : नको. 'मिश्र' म्हटलं की मिश्र खमाज, मिश्र पिलू. 'वाद्य आणि इलेक्ट्रॉनिक्स' असं सरळ लिहा. 'विद्युत्-ध्वनिक' तर पाठ्यपुस्तकी.

मिक्सरवाला : आणि 'टेप' व 'लाइव्ह' वेगळे ठेवा. सारिआहोंची 'फेर्ब्लेंडुंगेन' (१९८४) वाद्यवृंद आणि टेपसाठी, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजासाठी, आहे. तिथे टेप थांबत नाही, वाद्यवृंदाने तिला धरून चालायचं. 'नोआनोआ'त वादक पायाच्या पेडलने पुढचा आवाज सोडतो. पेडल चुकून दोनदा दाबलं की पुढचं सगळं एक घर पुढे सरकतं, म्हणून संगणकापाशी स्वरलिपी घेऊन माणूस बसवतात. लाइव्हमध्ये उशीरही सांभाळावा लागतो : बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ नमुन्यांचा ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० नमुने) एका बफरचेच सुमारे १०.७ मिलिसेकंद लागतात, १२८ ला २.७. फार कमी केला की टकटक येते.

सूरपेटी : मग असं लिहिते : 'सुरापासून सूर मोडेपर्यंतची वाट'. चेलोसाठी खरड, बासरीसाठी फुसफुस, आणि तांत्रिक परिच्छेदात नॉइज तसाच.

गजतार : 'खरड' चालेल. 'खरखर' मागे घेतो.