कर्नेल्याचं घर आणि टिळकांचा दरबार
ख्रिस्ती होण्यासाठी बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा दीक्षाविधी, हवाच का? येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला बाप्तिस्म्याविना तारण मिळालं, म्हणून मनापासूनची प्रार्थना पुरे, असं काहीजण म्हणतात. चोराबद्दल वाद नाही. पण त्याला खाली उतरून पाण्यापर्यंत जायची संधीच नव्हती, त्यावरून सगळ्यांसाठी नियम कसा काढायचा? त्यापेक्षा बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अध्याय १० मधला कर्नेल्य पाहा. तो रोमी शताधिपती, म्हणजे शंभर सैनिकांवरचा अधिकारी. त्याच्या प्रार्थना देवाने आधीच ऐकल्या होत्या, पवित्र आत्माही पाण्याआधी उतरला. तरी येशूचा शिष्य पेत्र याने 'आता बाप्तिस्म्याची गरज काय?' असं म्हटलं नाही. उलट, यांना पाणी कोण नाकारील, असं विचारून बाप्तिस्मा द्यायला सांगितलं. माझ्या मते प्रार्थनेने सुरू झालेलं नातं बाप्तिस्म्यात मंडळीसमोर, म्हणजे ख्रिस्ती समुदायासमोर, उघड होतं. दोन्ही एकमेकांविरुद्ध उभे करणंच चुकीचं.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घर दुरावलं तरी. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशन, म्हणजे ज्या धर्मप्रसारक संस्थेत ते काम करत ती, सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून चालणार होते. त्यांनी स्वतःचा बाप्तिस्मा कधी नाकारला नाही, फक्त दुसऱ्याच्या वाटेत तो अडसर म्हणून ठेवला नाही.