आत्याचा तानपुरा आणि जवारीचं काम: सल्ला हवा आहे

रानजाई
आत्याचा मिरजेचा तानपुरा माझ्याकडे आला आहे. तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीच्या, कडेने कोरलेली वेलबुट्टी शाबूत आहे, खुंट्याही घट्ट बसतात. पण घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारांच्या खाचा पडल्यात, खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, नुसता ठक्क वाजतो. तारेखालचा दोरा कितीही सरकवला तरी झंकार उठत नाही. भोपळ्याला मागून बारीक चीरही गेली आहे. दुरुस्तीला देणारच आहे, पण हाताळता हाताळता हे जवारीचं, म्हणजे घोडी घासून झंकार आणण्याचं, कामच शिकावं असं फार वाटू लागलंय. घरी लाकडी खेळणी करते, त्यामुळे पटाशी-कानशीची सवय आहे. गाणं बेताचंच. कुठे शिकता येईल? आत्याच्या तानपुऱ्यावरच हात बसवला तर चालेल का?

खर्जातला_सा
त्या घोडीला कानस लावू नका! घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर हळूहळू टेकत जाते, म्हणून झंकार येतो. खाच पडली की तार तिथेच अडकते. कारागीर आधी खाचा जाईपर्यंत माथा घासतो, मग बारीक कानस, मग पॉलिश पेपर. तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. घास जास्त झाला तर घोडीच बदलावी लागते. म्हणून एखादी जुनी, टाकून दिलेली घोडी मागून घ्या आणि तिच्यावर शिका.

आणि रोज तानपुरा जुळवा. जोड, म्हणजे मधल्या दोन सारख्या सुराच्या तारा, नीट मिळाली की नाही हे कानाला कळल्याशिवाय कुठे घासायचं ते कळणार नाही. तुमचा हात तयार आहे, आता कान तयार करा.

कृष्णाकाठ
ताई, सरळ मिरजेला या. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. १९व्या शतकात ते वाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सितारमेकरांचं नाव सगळे आधी घेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इथे काम दुकानात बसूनच शिकतात. तानपुरा दुरुस्तीला घेऊन या आणि "समोर बसून बघू का?" असं विचारा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे, तुनाच्या लाकडाची दांडी, सगळं बघायला मिळेल. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तेव्हा आलात तर जुळलेले तानपुरे मनसोक्त ऐकता येतील.

सावनी_ठाणे
एक महत्त्वाचं. घोडीचा माथा पिवळसर, गुळगुळीत असेल तर सांबरशिंगाचा असू शकतो. त्याच्या व्यापाराला आता बंदी आहे, नवीन घोड्यांना हाड किंवा फायबर वापरतात. उंची शिल्लक असेल तर तीच घोडी पुन्हा घासून द्या असं आवर्जून सांगा. आत्याच्या आवाजाला साथ केलेली वस्तू आहे ती, टाकू देऊ नका.

रानजाई
माथा पिवळसरच आहे! सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेला जायचं ठरवलं. तोवर चिरेचं काय करू?

खर्जातला_सा
तारा सैल करा, म्हणजे तबलीवरचा ताण उतरेल. झटपट चिकटणारा गोंद चिरेत अजिबात घालू नका, तो आत मुरला की कारागिराला खरवडून काढावा लागतो. प्रवासात भोपळ्याखाली जाड गोधडी ठेवा आणि तानपुरा स्वतःजवळच ठेवा, सामानाच्या डिकीत नको.