डॉमिनिका: मे महिन्यात जावे की नोव्हेंबरमध्ये?

प्रश्न

आम्ही टोरांटोला राहतो. पुढच्या वर्षी माझे आईवडील पुण्याहून काही महिने आमच्याकडे येणार असून त्या काळात सर्वांनी मिळून आठवडाभर डॉमिनिकाला जावे, असा विचार आहे. (येथे डॉमिनिकन रिपब्लिक अभिप्रेत नाही, ग्वादलूप आणि मार्तिनिक या फ्रेंच बेटांच्या मधोमध असलेला, सुमारे ७५० चौरस किलोमीटरचा हा वेगळा देश आहे.) डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तेथे मुक्कामाचे दर चढे असतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळांची धास्ती असते, त्यामुळे मेचा पहिला पंधरवडा किंवा नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, असे दोनच पर्याय आमच्यापुढे उरले आहेत. वाळूत पहुडण्याची हौस आमच्यापैकी कोणालाही नाही. जंगल, धबधबे आणि शक्य झाल्यास बॉइलिंग लेक हे डोंगरातील उकळत्या पाण्याचे तळे पाहावयाचे आहे. आईचे गुडघे दुखतात, दोघेही शाकाहारी आहेत आणि दोघांचेही पासपोर्ट भारतीय आहेत. कोणता पंधरवडा निवडावा?

पहिला प्रतिसाद

डोंगरात चालण्यासाठी जात असाल, तर मे निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे वर्षभर या बेटाच्या पूर्व अंगावर आदळतात, डोंगरावर चढताना थंड होतात आणि तेथेच पाऊस सोडतात. सह्याद्रीत जे पश्चिमेकडून घडते तेच येथे पूर्वेकडून घडते, एवढाच फरक. म्हणूनच राजधानी रोझो ज्या पश्चिम किनाऱ्यावर आहे तेथे लख्ख ऊन असताना तासाभराच्या अंतरावरील डोंगरात धो-धो कोसळत असते. मोर्न दियाब्लोतँ हे तेथील सर्वोच्च शिखर १,४४७ मीटर उंचीचे आहे, आणि अशा भिंतीमागे दडलेल्या जंगलात पूर्ण कोरडा महिना मिळणे कठीणच. फेब्रुवारी ते मे या काळात मात्र सरी येतात आणि जातात, तर नोव्हेंबरपर्यंत माती आधीच्या पाच महिन्यांच्या पावसाने तुडुंब भिजलेली असते. त्या वेळी नवा पाऊस थोडा जरी पडला, तरी पायवाटा निसरड्या होतात, ओढे अचानक फुगतात आणि दरडींमुळे रस्तेही बंद पडतात. शिवाय वादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असल्याने तुमचा दुसरा पर्याय त्याच्या शेपटात सापडतो. नोव्हेंबरअखेरीस मोठे वादळ येण्याचा संभव कमी असतो, हे मान्य. परंतु १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री पाचव्या श्रेणीच्या ‘मारिया’ने संपूर्ण बेटाला काय करून ठेवले, हे वाचल्यानंतर कोणी त्या हंगामापासून चार हात दूर राहिले, तर मी त्याला दोष देणार नाही.

मे महिन्याचा आणखी एक फायदा क्वचितच कोणी सांगते. रोझोला लागणाऱ्या पर्यटक जहाजांची वर्दळ एप्रिलनंतर ओसरते. हंगामात दुपारच्या आत एमराल्ड पूल या जंगलातील डोहापाशी आणि ट्रॅफल्गर धबधब्यापाशी बसगाड्यांची रांग लागलेली असते. मे महिन्यात त्याच जागी पाण्याचा आवाज नीट ऐकू येतो.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, तथापि मे महिन्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०११ पासून अटलांटिकमध्ये सरगॅसम या तपकिरी समुद्रशेवाळाचे प्रचंड तरंगते पट्टे तयार होऊ लागले असून वसंत आणि उन्हाळ्यात ते कॅरिबियन बेटांच्या पूर्व किनाऱ्यांवर येऊन थडकतात. किनाऱ्यावर साचून ते कुजू लागले, की सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटते. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर मुक्काम ठेवणार असाल, तर आरक्षणापूर्वी तेथील परिस्थिती विचारून घ्यावी. रोझो किंवा उत्तरेकडील पोर्ट्समथच्या बाजूला हा त्रास पुष्कळ कमी असतो.

नोव्हेंबरच्या बाजूने माझा मुद्दा समुद्राचा आहे. पश्चिम किनाऱ्यालगतच समुद्र अतिशय खोल होत असल्याने स्पर्म व्हेलच्या माद्या आणि पिल्ले येथे बारमाही राहतात, परंतु नोव्हेंबर ते मार्च हा त्यांच्या दर्शनासाठी अधिक चांगला काळ मानला जातो. २०२३ मध्ये तेथील सरकारने सुमारे ८०० चौरस किलोमीटर सागर त्यांच्यासाठी राखीव करण्याची घोषणाही केली. याउलट लेदरबॅक कासवे साधारणतः मार्च ते जुलैदरम्यान अंडी घालण्यासाठी येतात आणि पूर्व किनाऱ्यावरील रोझालीच्या काळ्या वाळूवर मार्गदर्शकासह रात्री थांबल्यास ती दिसू शकतात. तेव्हा व्हेल हवे की कासव, हे घरात ठरवून घ्या.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मे महिन्याकडे आमचा कल झुकला आहे. आईला घेऊन बॉइलिंग लेकपर्यंत जाता येईल का, आणि नसल्यास तो दिवस कसा आखावा? प्रवासाच्या मार्गाबद्दल आणि जेवणाबद्दलही कोणी लिहिल्यास बरे होईल.

तिसरा प्रतिसाद

आईंना तेथे नेऊ नये. लोदा गावाजवळून सुरू होणारी ही वाट जाऊन-येऊन सहा ते सात तासांची आहे, तीत मोठे चढउतार आहेत आणि शेवटी गंधकाच्या वाफा सोडणाऱ्या व्हॅली ऑफ डेसोलेशनमधून जावे लागते, जेथे काही ठिकाणी पायाखालील कवच पातळ आणि त्याखालील पाणी उकळते असते. सुमारे ६० मीटर रुंदीचे ते राखाडी-निळे, मधोमध खदखदणारे तळे पाहण्यासारखे आहे, यात शंका नाही. पण तुम्ही दोघांनी स्थानिक मार्गदर्शक घेऊन पहाटे निघावे आणि आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असल्यास बेत पुढे ढकलावा. यासाठीच हा दिवस आठवड्याच्या सुरुवातीला ठेवावा, म्हणजे हाताशी दुसरा दिवस उरतो.

त्याच दिवशी आईवडिलांना जवळच्या वॉटन वेव्हन गावातील गरम पाण्याच्या कुंडांवर सोडता येईल. दुखऱ्या गुडघ्यांना ते बहुधा आवडेलच. ट्रॅफल्गरचे दोन धबधबे, ज्यांना तेथील लोक ‘पिता’ आणि ‘माता’ म्हणतात, दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवरील सज्जावरून दिसतात. पोर्ट्समथजवळच्या इंडियन रिव्हरवर वल्ह्यांच्या होडीतून जाताना तर चालावेच लागत नाही. सिंडिकेटच्या जंगलातील वाट लहान असून, देशाच्या ध्वजावर असलेला आणि जगात केवळ याच बेटावर आढळणारा सिसेरू पोपट सकाळी लवकर गेल्यास तेथे दिसण्याची शक्यता असते.

जेवणाची फारशी चिंता करू नये. तेथे दशीन म्हणतात तो आपला अळूच, आणि त्याच्या पानांचे कॅलालू हे सूप सर्वत्र मिळते. मात्र त्यात अनेकदा खेकडा किंवा खारवलेले मांस घालतात, म्हणून मागवण्यापूर्वी विचारावे. उकडलेली कच्ची केळी, याम हे कोनफळाच्या जातीचे कंद, आणि कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात ते फळ नेहमीच्या ताटात असते. रास्ताफारी या पंथाच्या मंडळींची ‘आयटल’, म्हणजे त्यांच्या शाकाहारी जेवणाची, खाणावळ दिसल्यास अवश्य जावे, कारण तेथे मांस शिजवतच नाहीत.

डॉमिनिकासाठी भारतीय पासपोर्टधारक पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. खरी अडचण वाटेत असते. मायामीमार्गे गेल्यास अमेरिकेचा व्हिसा लागतो. ग्वादलूपहून बोटीने जावयाचे ठरवल्यास युरोपसाठीचा नेहमीचा शेंगेन व्हिसा फ्रान्सच्या त्या सागरापारच्या प्रदेशांत चालत नाही. टोरांटोहून थेट विमानाने बार्बाडोस आणि तेथून छोट्या विमानाने डॉमिनिका, हा मार्ग आईवडिलांसाठी सर्वांत सोपा आहे, कारण बार्बाडोसलाही भारतीयांना व्हिसा लागत नाही. त्यांचा कॅनडाचा व्हिसा अनेक प्रवेशांचा असल्याची मात्र खात्री करून घ्यावी. विमानतळ बेटाच्या ईशान्य टोकाला असून तेथून रोझोला वळणावळणाच्या डोंगरी रस्त्याने तासाहून अधिक वेळ लागतो, म्हणून दिवसाउजेडी पोहोचणारे विमान निवडावे. परतताना बार्बाडोसला एक रात्र काढावी. छोट्या विमानांची वेळ बदलली, तर टोरांटोचे विमान चुकणार नाही.